ॲक्सेसमध्ये लाँग टेक्स्ट करूनही रिपोर्टमध्ये मजकूर २५५ अक्षरांवर तुटतो. दोन फील्ड करावीत का?

गृहनिर्माण संस्थेच्या तक्रारींसाठी तुम्ही ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये फॉर्म केला आहे. त्यातले 'तपशील' हे फील्ड शॉर्ट टेक्स्टचे (त्यात २५५ अक्षरेच मावतात) लाँग टेक्स्ट केल्यावर फॉर्मवर मजकूर पूर्ण बसू लागला, पण रिपोर्टमध्ये तो मध्येच तुटतो. म्हणून 'तपशील १' आणि 'तपशील २' अशी दोन फील्ड करावीत का, असे तुम्ही विचारले आहे. कृपया तसे करू नका. मजकूर नेमका कुठल्या शब्दावर दुभंगेल हे आपल्या हाती राहत नाही, शोध दोन्हीकडे घ्यावा लागतो आणि एखादी तक्रार आणखी लांबली की 'तपशील ३' करण्याची पाळी येते.

आधी मजकूर कुठे कापला जातो ते पाहा. एका साध्या क्वेरीत (टेबलमधून हवी ती माहिती निवडून काढणाऱ्या मागणीत) तक्रार क्रमांकाशेजारी 'लेन' फंक्शनने तपशिलाची लांबी काढा. ती २५५ पेक्षा जास्त येत असेल तर टेबलमधला मजकूर शाबूत आहे आणि काट वाटेत बसते आहे. तुमच्या बाबतीत हेच घडत असावे, कारण लाँग टेक्स्टमध्ये (जुन्या आवृत्त्यांत यालाच मेमो म्हणत) फॉर्मवरून सुमारे ६५ हजार अक्षरे लिहिता येतात.

वाटेतली ही काट बहुतेक वेळा क्वेरीत असते. क्वेरीत 'डिस्टिंक्ट' (सारख्या ओळी एकदाच दाखवणे), 'ग्रुप बाय' (ओळींचे गट करणे) किंवा नुसते 'युनियन' (दोन क्वेरींच्या ओळी एकत्र करून सारख्या गाळणे) असेल, तर ॲक्सेसला ओळी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात आणि त्यासाठी तो लाँग टेक्स्टची पहिली २५५ अक्षरेच घेतो. 'युनियन'च्या जागी 'युनियन ऑल' चालत असेल तर तेच वापरा. 'ग्रुप बाय' तक्रार क्रमांकावर असेल तर तपशिलाच्या रकान्यात 'ग्रुप बाय' ऐवजी 'फर्स्ट' निवडा. 'डिस्टिंक्ट' टाळता येत नसेल, तर आधी फक्त तक्रार क्रमांकांची क्वेरी करा आणि ती मूळ टेबलला जोडून तपशील तिथून घ्या. क्वेरी निर्दोष असेल तर टेबल, फॉर्म आणि रिपोर्ट या तिन्ही ठिकाणची 'फॉरमॅट' ही प्रॉपर्टी तपासा. तिथे शॉर्ट टेक्स्टच्या काळातले '@' राहून गेले असेल तर तेवढ्यानेही मजकूर तुटतो. ते पुसून टाका आणि रिपोर्टमधल्या टेक्स्टबॉक्सचे 'कॅन ग्रो' (मजकुराप्रमाणे चौकट वाढू देणारी प्रॉपर्टी) चालू करा.

क्वेरीतल्या काटेकडे दुर्लक्ष करू नका असे मी आग्रहाने सांगतो, कारण मी त्यात एकदा पोळलो आहे. एका पतसंस्थेच्या वसुलीच्या जुन्या नोंदी मी 'डिस्टिंक्ट' असलेल्या अपेंड क्वेरीने दुसऱ्या टेबलमध्ये हलवल्या आणि ओळींची संख्या जुळली म्हणून जुने टेबल काढून टाकले. ओळी सगळ्या होत्या, पण प्रत्येक लांब शेरा २५५ अक्षरांवर संपला होता. पडद्यावरची काट दुरुस्त करता येते, पण अशा क्वेरीने नव्या टेबलमध्ये उतरवलेला मजकूर कायमचा जातो. तेव्हापासून अक्षरांच्या एकूण लांबीची बेरीज दोन्हीकडे जुळल्याशिवाय मी जुने टेबल काढत नाही.

मराठी नोंदींत ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. 'राष्ट्रीय' हा शब्द आपल्या हिशेबाने तीन अक्षरांचा आहे, पण ॲक्सेस काना, हलन्त आणि वेलांटी स्वतंत्र मोजतो, त्यामुळे 'लेन' त्याची लांबी ९ सांगते. म्हणून ज्या फील्डमध्ये एखादे पूर्ण वाक्यही येण्याची शक्यता असेल, ते मी पहिल्यापासून लाँग टेक्स्टच ठेवतो आणि फॉर्मवर त्याला उभा स्क्रोलबार देतो. लिहिताना जागा अपुरी वाटली तर शिफ्ट आणि एफ-२ एकदम दाबल्यावर मोठी खिडकी उघडते.

एकाच तक्रारीवर महिनोन्महिने शेरे चढत असतील, तर लांब फील्डपेक्षा वेगळे टेबल अधिक सोयीचे पडेल. त्यात तक्रार क्रमांक, तारीख, लिहिणाऱ्याचे नाव आणि शेरा एवढीच फील्ड ठेवा आणि मूळ फॉर्मवर ते सबफॉर्म म्हणून बसवा. म्हणजे प्लंबर कधी आला आणि सचिवांनी काय ठरवले, हे एका ढिगात न शोधता तारखेनुसार वाचता येईल.