ठाण्याच्या येऊरच्या जंगलात फिरून आल्यावर मुलीच्या गुडघ्यामागे गोचीड सापडला. हाताने ओढून काढला, पण डोकं आत राहिलंय असं वाटतं. आता काय करू?

आधी जिवाला घोर लावून घेऊ नका. आत राहतं ते डोकं नसतं, तोंडाचा सोंडेसारखा बारीक तुकडा असतो. त्याला उलटे दाते असतात, म्हणून गोचीड इतका घट्ट बसतो आणि ओढताना तुटतो. धड निघून गेलं की तो तुकडा रक्त पीत नाही आणि आत सरकतही नाही. चिमट्याने सहज येत असेल तर काढा, नाहीतर सुईने उकरत बसू नका. बारीक काटा निघतो तसा तो काही दिवसांत निघून जातो. जागा साबणाने धुवा, जंतुनाशक लावा. एकदोन दिवस लालसर गाठ राहिली तर चालेल.

मात्र एक गोष्ट आजच करा. कालनिर्णयवर येऊरला गेलात त्या तारखेवर खूण करा आणि तिथून तीन आठवडे मुलीच्या तापाकडे लक्ष ठेवा. ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ, चावलेल्या जागी काळी खपली, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा आणि ‘जंगलात गेलो होतो, गोचीड चावला होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

हे इतक्या कळकळीने लिहितोय कारण माझ्या भावाच्या वेळी आम्ही ते सांगितलंच नव्हतं. पावसाळा संपता संपता तो खारघरच्या डोंगरावर जाऊन आला होता. साधारण दहा दिवसांनी सणकून ताप आला. मलेरिया, डेंग्यू, सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघेना. आपल्याकडे त्या दिवसांत ताप म्हटलं की हीच नावं समोर येतात, त्यात डॉक्टरांची चूक नाही. पाचव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी ‘गवतात कुठे गेला होतात का?’ असं विचारलं आणि शर्ट काढायला लावला. कमरेवर, बरोबर इलॅस्टिकच्या रेषेत, सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली होती. ना दुखत होती, ना खाजत होती, त्यामुळे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. तो स्क्रब टायफस निघाला. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. हा आजार गोचिडाने होत नाही, त्याच्याच जातकुळीतल्या चिगर नावाच्या माइटच्या पिल्लामुळे होतो आणि ते पिल्लू नुसत्या डोळ्यांना दिसणंही कठीण. पण दोघांची जागा एकच, गवत आणि झुडपं. गोचिडामुळे होणारा टिक टायफसही आपल्या राज्यात आढळतो. औषध साधं आहे, उशीर झाला तर मात्र जिवावर बेतू शकतं. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक स्वतःहून देऊ नका.

पुढच्या वेळी गोचीड दिसला तर भुवयांचा टोकदार चिमटा घ्या. त्याचं पोट धरू नका, कातडीला अगदी टेकून तोंडाशी पकडा आणि न पिळता, झटका न देता सरळ वर ओढा. रॉकेल, नेलपॉलिश, पेटती काडी, खोबरेल तेल असे उपाय वडीलधारी माणसं प्रेमाने सांगतील, पण ते नकोत. त्यात वेळ जातो, आणि डिवचलेला गोचीड आतली घाण जखमेत ओकू शकतो. निघालेला नखावर चिरडू नका, चिकटपट्टीत बंद करून टाका.

येऊरमधल्या पाटोणपाड्याच्या वाटेवर गुरं चरतात तिथलं गवत कधी वाकून बघा. पात्याच्या टोकावर तिळाएवढा गोचीड पुढचे दोन पाय पसरून बसलेला असतो. तो उडत नाही, उडी मारत नाही. आपला पाय घासला की पकडतो आणि वर चढतो. म्हणून पायवाटेच्या मधून चाला, गवतात बसायचंच असेल तर जाड चटई घ्या. फिक्या रंगाची पूर्ण पँट घालून ती मोज्यात खोचा, म्हणजे चढणारा गोचीड लगेच दिसतो. मोज्यांवर आणि उघड्या कातडीवर डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेला फवारा मारा. मुलांना मात्र तो तुमच्या हाताने लावा, त्यांच्या तळव्यांना आणि डोळ्यांजवळ नको.

घरी आलात की कपडे पलंगावर टाकू नका. साध्या पाण्याने गोचीड मरत नाही, कडक गरम पाण्यात धुवा. लगेच आंघोळ करा आणि अंग नीट तपासा: काखा, जांघा, बेंबी, कानामागे, बोटांच्या बेचक्यात. कुत्रा बरोबर नेला असेल तर त्याचे कान आणि पंजेही बघा, तो घरभर गोचीड सोडू शकतो.

तुम्ही कोकणातले असाल तर आणखी एक. दोडामार्ग भागात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडातूनच पसरतो. सुट्टीत गावी काजूच्या बागेत, रानात फिरून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना गावाचं नाव सांगा.

आणि आज रात्री मुलीचे केस विंचरताना मुळांशी, मानेवर बोट फिरवून बघा. एक सापडला म्हणजे दुसराही असू शकतो.