बाहेरून केलेली पदवी आणि पाणथळ जमिनीचा अभ्यास

दूरशिक्षणाविषयी माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांची काळजी बहुतेक वेळा एकाच वाक्यात मांडली जाते: बाहेरून केलेल्या पदवीला किंमत असते का? कोल्हापुरातील ज्या कुटुंबाचा अनुभव येथे लिहीत आहे, त्यातील वडिलांनीही हेच विचारले. त्यांच्या संमतीने लिहीत असून, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी भूगोल घेऊन बी.ए. झालेली, संगणकावर नकाशे काढायला शिकलेली आणि बिगरशेती प्लॉटचे ले-आउट तयार करणाऱ्या एका खासगी कार्यालयात नोकरीला होती. नोकरी न सोडता पर्यावरण विषयात मुक्त विद्यापीठातून एम.ए. करण्याची तिची इच्छा होती. वडील म्हणाले, "मॅडम, शिवाजी विद्यापीठ दारात असताना ही घरात बसून शिकणार. असल्या डिग्रीला उद्या कोण विचारतंय?" त्यांच्या बोलण्यात राग होता, पण तो निराधार नव्हता. त्यांच्या पुतण्याने काही वर्षांपूर्वी एका संस्थेतून दूरस्थ पदवी घेतली होती आणि त्या अभ्यासक्रमाला मान्यताच नसल्याचे बढतीच्या वेळी उघड झाले होते. घरात एकदा असे घडले की पुढच्या प्रत्येकाला त्याच मापाने मोजले जाते.

अशा वेळी मी धीर देण्याआधी तपासणी करायला सांगते, कारण या प्रश्नाचा एक भाग भावनेचा नसून कागदपत्रांचा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की, मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल. या वाक्यातील सारा भार 'मान्यताप्राप्त' या अटीवर आहे. ती मान्यता संस्थेच्या जाहिरातीवरून ठरवायची नसते, तर आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ती संस्था, तो अभ्यासक्रम आणि ते प्रवेशसत्र, या तिन्ही गोष्टी नोंदलेल्या आहेत का, हे पाहावे लागते. ही तपासणी मी वडिलांनाच करायला सांगितली. मुलीने केली असती तर त्यांचा विश्वास बसला नसता आणि मी केली असती तर तो माझ्यापुरता राहिला असता. त्यांनी ती केली, छापील प्रत घेऊन आले आणि पुतण्याच्या बाबतीत नेमके काय राहून गेले, हे त्यांनीच मला समजावून सांगितले.

कायद्याने समकक्ष असलेली पदवी मुलाखत घेणाऱ्याच्या मनातही समकक्ष असतेच असे नाही, हेही मी त्यांच्यापासून लपवले नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू असले, तरी 'बाहेरून' या शब्दामागचा संशय पूर्णपणे गेलेला नाही. तो दूर होतो उमेदवाराने प्रत्यक्ष केलेल्या कामामुळे, आणि याच टप्प्यावर या मुलीची खरी अडचण पुढे आली.

पुढच्या भेटीला ती एकटीच आली. प्रवेश घेऊन झाला होता, पुस्तके हातात पडली होती, तरी स्वाध्यायाला तिने हात लावला नव्हता. विषय होता विकसनशील देशांतील शहरांच्या वाढीचा पाणथळ जागांवर होणारा परिणाम. वेळ मिळत नाही, असे ती आधी म्हणाली. पुस्तकात काय वाचले, असे विचारल्यावर मात्र ती न थांबता बोलत राहिली. युगांडातील कंपाला शहराचे सांडपाणी नाकिवुबो नावाच्या पाणथळीतून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाते, तेथील पपायरस या उंच पाणगवताची दाट वाढ त्यातील घाण बरीच अडवते, त्याच सरोवरातून शहर पिण्याचे पाणी घेते आणि तरीही कारखाने, वस्त्या व शेती ती पाणथळ कडेने खात चालल्या आहेत, हे तिने सांगितले. पूर्व कोलकात्यातील सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ क्षेत्रात उथळ तळ्यांमध्ये सोडलेले शहराचे सांडपाणी सूर्यप्रकाश आणि शैवालाच्या साहाय्याने स्वच्छ होते, त्यावर मासे पोसले जातात, आणि २००२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत येऊनही त्या क्षेत्राच्या कडांवरचा बांधकामाचा दाब हटलेला नाही, हेही तिला तपशिलासह ठाऊक होते. विषय समजला नव्हता, असे मुळीच नव्हते.

मग ती म्हणाली, "मॅडम, दिवसभर मी सखल जमिनींवर प्लॉट आखते आणि रात्री त्याच जमिनी वाचवायला हव्यात म्हणून लिहायचं. हे खोटं नाही का?"

मी ताबडतोब उत्तर दिले नाही. 'तू फक्त नकाशे काढतेस, निर्णय दुसरे घेतात,' असे म्हणून तिला मोकळे करणे सोपे होते, पण त्यामुळे तिचा प्रश्न लहान झाला असता. या शहरात तो प्रश्न कोणालाही परका नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी कुठवर आले, हे प्रत्येकाने पाहिले आहे. कपिलतीर्थ आणि वरुणतीर्थ ही जुनी तळी; आता पहिले मंडईचे आणि दुसरे वेशीचे नाव म्हणून उरले आहे. रंकाळा तलावात सांडपाणी मिसळले की त्यातील नत्र आणि स्फुरदावर शैवाल व जलपर्णी माजते, ती कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात, ही साखळी शाळकरी मुलांनाही सांगता येते. म्हणून मी तिला दोन प्रश्न वेगळे करायला सांगितले: ही नोकरी करावी का, आणि या नोकरीत जे दिसते ते अभ्यासासाठी वापरता येईल का. पहिल्याचे उत्तर त्या दिवशी देण्याची गरज नव्हती. दुसऱ्याचे उत्तर तिच्या हाताशी होते, कारण निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, हे ज्ञान तिला पुस्तकातून नव्हे, रोजच्या कामातून मिळालेले होते. कार्यालयाची गोपनीय कागदपत्रे वापरायची नाहीत, केवळ सार्वजनिक नकाशे आणि स्वतः पाहिलेली जागा एवढ्यावरच काम करायचे, ही मर्यादा तिने स्वतःच घालून घेतली. मला ती फार महत्त्वाची वाटली, कारण तिला बोचणाऱ्या प्रश्नाला तिने दिलेले ते पहिले प्रामाणिक उत्तर होते.

दूरशिक्षणातील विद्यार्थी एकटा पडतो, ही तक्रार खरी आहे. वर्ग नसतो, शंका विचारायला शेजारी कोणी नसतो आणि स्वाध्यायाची तारीख चुकली की परीक्षेचे वेळापत्रकही कोलमडते. आम्ही आठवड्यातील दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ ठरवली. त्याहून अधिक वेळ नोकरदार माणसाने कागदावर लिहू नये, असे माझे मत आहे. मात्र एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. हा विद्यार्थी आपल्या अभ्यासाच्या जागेपासून तुटलेला नसतो. ही मुलगी कळंबा तलावाच्या वाटेवर राहते आणि पाऊस पडला की पाणी कुठे थांबते, हे तिला घराबाहेर पडताच दिसते.

प्रबंधिकेसाठी तिने कळंबा तलावाचा परिसर निवडला, त्याला एक नेमके कारण होते. रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, दोन्ही पाणथळ जागा येतात. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून मात्र खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. मग कळंब्यासारखा तलाव आणि त्याला पाणी पुरवणारे ओढे, उतार व सखल शेते यांच्याकडे वाढत्या शहराने कोणत्या नियमाने पाहायचे, हा तिचा प्रश्न होता. वडील सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जाऊ लागले. पूर्वीचे ओढे कुठून वाहत होते, हे त्यांना आठवत होते आणि तिच्याजवळच्या नकाशात नव्हते.

तिचा प्रस्ताव पहिल्या वेळी परत आला. क्षेत्र फार मोठे घेतले आहे, एकाच ओढ्यापुरते मर्यादित करावे, असा मार्गदर्शकांचा शेरा होता. ती खचली नाही, मात्र वडील पुन्हा अस्वस्थ झाले; बदल सुचवणे हा अभ्यासाचाच भाग असतो, हे त्यांना समजावण्यात एक भेट गेली. सुधारित प्रस्ताव आता मंजूर झाला आहे आणि पावसाळ्यातील नोंदी चालू आहेत. नोकरी बदलायची की नाही, हा प्रश्न आम्ही तिच्या शेवटच्या परीक्षेनंतरच्या भेटीसाठी ठेवला आहे.