आधी जबडा सैल सोड

प्रश्न : मी 26 वर्षांची, मानेवाड्याला राहते. आठवा महिना संपत आलाय, पहिलीच वेळ आहे. मावशी-काकूंनी आपापल्या बाळंतपणाचे किस्से ऐकवल्यापासून झोप उडाली आहे. मला कळा सोसतील का?

उत्तर : बेटा, नागपुरात लेबर रूमची सिस्टर म्हणून मी तीस वर्षं काढली. घाबरलेली पहिलटकरीण लगेच ओळखू यायची. पलंगाचा दांडा घट्ट धरलेला, दात आवळलेले. मी आधी जबडा बघायची. "तोंड सैल सोड गं," एवढंच म्हणायचं. जबडा सुटला की खांदे सुटतात, श्वास खाली उतरतो. भीतीनं अंगात अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येतं. त्यामुळे भीती घालवणं म्हणजे लाड नव्हेत.

एकदा मे महिन्यात कूलर घरघरत होता. एका पोरीला म्हटलं, ह्याच्यासारखा लांब श्वास सोड, हूऽऽऽ. कळ साधारण मिनिटभर टिकते. ती तेवढं हूऽऽऽ करायची आणि मधल्या वेळात चक्क घोरायची! सासूबाई हैराण, "सिस्टर, कळा थांबल्या का?"

एकीवर मात्र मी ओरडले होते. ती गप्प झाली, पण नंतर माझ्याकडे बघेचना. ते अजून टोचतं.

पहिल्या वेळी घाई नसते. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंत किती वेळ जाईल ह्याला माप नाही. तिथून पुढे ते पूर्ण उघडायला पहिलटकरणीला सहसा बारा तासांच्या वर लागत नाहीत. तोवर चाल, कुशीवर पड, पाणी पी. तोंड पूर्ण उघडायच्या आधी जोर लावू नकोस, उगाच थकशील.

सोबतीचं आत्ताच ठरव. सरकारी रुग्णालयांसाठीच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही प्रसूतीच्या वेळी सोबतीण धरलेली आहे. डागा ह्या सरकारी स्त्री रुग्णालयात नाव घातलं असो की मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, कोणाला आत येऊ देतात ते पुढच्या तपासणीलाच विचार. खासगीत जाणार असशील तर एपिड्युरलचंही, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनचंही, विचारून घे. ते घेतलं म्हणून कोणी कमी आई होत नाही.

पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट बघत बसू नकोस, सरळ निघ. रुग्णवाहिकेसाठी 102.

आणि त्या काकूंना डिंकाच्या लाडवांचा डिंक निवडायला बसव.