टॉमची बोटं खरंच सुरांवर पडतात का?

प्रश्न : 'टॉम अँड जेरी'मधलं, टॉम पियानो वाजवतो ते जुनं कार्टून नातवाबरोबर पाहिलं. तो म्हणतो, "आजोबा, बोटं कुठेही नाचवलीत आणि आवाज मागून जोडलाय." मला तसं वाटत नाही. कोणाचं बरोबर? आणि ही रचना कोणाची?

उत्तर : पैज लावली असेल तर वसूल करा. हे एमजीएम स्टुडिओचं 1947 सालचं 'द कॅट कॉन्सर्टो'. मी पियानो शिकवते, त्यामुळे माझी नजर आधी हातांवरच जाते. सूर खाली उतरले की टॉमचे पंजे डावीकडे, वर चढले की उजवीकडे. आणि पट्ट्याही बऱ्याचदा नेमक्या त्याच. त्याच्या एकेका हाताला बोटं चारच आहेत, हे माझ्या कुरकुरणाऱ्या विद्यार्थ्यांना मी मुद्दाम दाखवते.

इथे आधी संगीत मुद्रित झालं, मग त्यावर चित्रं बेतली. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम धावतात. दर बाराव्या फ्रेमला ठोका ठेवला तर मिनिटाला 120 ठोके पडतात. असा हिशेब जमवून हात काढायचे. दिग्दर्शक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा, संगीत संयोजन स्कॉट ब्रॅडली यांचं.

रचना फ्रान्झ लिस्टची, 'हंगेरियन ऱ्हॅप्सोडी क्रमांक 2'. तिचा पहिला भाग संथ, भारदस्त, दुसरा सुसाट. पाठलागासाठी आणखी काय हवं? संथ भागात टॉम मोठ्या ऐटीत डोळे मिटून वाजवतो आणि पियानोच्या आत, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवर झोपलेल्या जेरीची झोपमोड होते. खरी गंमत पुढे आहे. एरवी टॉम हातातलं टाकून उंदरामागे धावला असता. इथे समोर श्रोते बसलेत, मैफल थांबवता येत नाही. जेरी पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा लावतो, बोटांवर झाकण आपटतो, आणि टॉमला सूड घ्यायचा तोही वाजवता वाजवता, चेहऱ्यावरचा रुबाब न सोडता. संगीत मात्र सरळ, गंभीरपणे वाजत राहतं. तेच विनोदी केलं असतं तर सगळा खेळ फसला असता.

शेवटी जेरी हातोडे उपसून स्वतःच वाजवू लागतो, टॉमची दमछाक होते आणि प्रकाशझोत जेरीवर पडतो. मला दरवेळी टॉमची बाजू घ्यावीशी वाटते. या कार्टूनला ऑस्कर मिळालं, तेही निर्माते फ्रेड क्विम्बींच्या हाती गेलं. हॅना-बार्बेरा बाजूलाच राहिले!

वॉर्नर ब्रदर्सने 1946 मध्ये याच रचनेवर बग्ज बनीला पियानोपुढे बसवलं होतं. त्यावरून दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आरोप केला.

नातवाला एक जागा शोधायला सांगा. लिस्टच्या मधोमध जेरी एक वेगळीच, उडती चाल घुसवतो. ते आगगाडीचं गाणं एमजीएमच्याच 'द हार्वी गर्ल्स' या 1946 च्या चित्रपटातलं आहे.