अकस्मात मृत्यू आणि ‘मत राखून ठेवले आहे’
वाचकांचे प्रश्न, न्यायवैद्यक तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ, वय ४१, सकाळी चहा घेता घेता कोसळला आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच गेला. शवविच्छेदन झाले, परंतु अहवालात मृत्यूच्या कारणापुढे ‘मत राखून ठेवले आहे, व्हिसेरा जतन केला आहे’ एवढेच लिहिले आहे. सगळे शरीर तपासूनही कारण का कळत नाही? आम्ही काय समजावे?
— सांगली जिल्ह्यातील एक वाचक

उत्तर : आपल्या दुःखात मी मनापासून सहभागी आहे. ‘व्हिसेरा’ म्हणजे पुढील तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयवांचे भाग. ‘मत राखून ठेवले’ याचा अर्थ डॉक्टरांना काही सापडले नाही असा होत नाही, आणि कोणी काही दडवत आहे असा तर मुळीच होत नाही. शवविच्छेदनाच्या टेबलावर जे दिसते तो उत्तराचा एक भाग असतो. दुसरा भाग सूक्ष्मदर्शकाखाली आणि रासायनिक प्रयोगशाळेत मिळतो, आणि तिसरा भाग नातेवाइकांच्या तोंडून मिळतो. या तिसऱ्या भागाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते, म्हणून त्याबद्दल पुढे वारंवार लिहिणार आहे.

हृदयापासून सुरुवात करतो, कारण प्रौढांच्या अकस्मात मृत्यूंमागे बहुधा तेच असते. हृदय बाहेर काढून, आतले रक्त धुऊन, त्याचे वजन केले जाते. मध्यम बांध्याच्या पुरुषाचे हृदय साधारण ३०० ग्रॅम भरते. तेच ४५० किंवा ५०० ग्रॅम भरले, तर वर्षानुवर्षे अंगावर काढलेल्या रक्तदाबाची शंका पहिल्यांदा मनात येते. त्यानंतर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या दोन-तीन मिलिमीटरच्या अंतराने आडव्या कापत जातात. निरोगी धमनी मऊ कापली जाते आणि तिची पोकळी मोकळी दिसते. रोगट धमनीवर मात्र सुरी करकरते, कारण तिच्या भिंतीत चुना साठलेला असतो, आणि मधली वाट कधी कधी सुईच्या टोकाएवढीच उरलेली असते.

अडचण पुढे आहे. रक्तपुरवठा तुटल्यावर हृदयाच्या स्नायूत त्याच्या खुणा उमटायला वेळ लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्पष्ट दिसायला सर्वसाधारणपणे चार ते बारा तास जावे लागतात, आणि नुसत्या डोळ्यांना दिसायला त्याहूनही अधिक. जो माणूस पंधरा मिनिटांत गेला, त्याच्या हृदयाचा स्नायू बिनदोष वाटू शकतो. उलट साठीच्या माणसाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतात आणि तो गेलेला असतो एखाद्या विषाने. त्यामुळे धमनीतला अडथळा, तिच्यातली ताजी गुठळी, स्नायूवरचा जुन्या झटक्याचा पांढरट व्रण, मेंदूत रक्तस्राव नसणे, महाधमनी फाटलेली नसणे, फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी नसणे, विष नसणे, आणि ‘आदल्या रात्री छातीत जळजळ होते म्हणून त्याने ॲसिडिटीची गोळी घेतली होती’ हे घरच्यांनी सांगितलेले वाक्य, या सर्वांची सांगड घातल्यावरच प्रामाणिक मत देता येते.

फुफ्फुसातल्या गुठळीचा उल्लेख केला, तर तिच्याविषयीही सांगतो. मृत्यूनंतरही रक्त साकळते, त्यामुळे गुठळी दिसली म्हणजे तीच कारण, असे होत नाही. मृत्यूनंतर साकळलेले रक्त मऊ, चकचकीत, जेलीसारखे असते आणि रक्तवाहिनीतून अलगद सुटते. जिवंतपणी तयार झालेली गुठळी कोरडी, निस्तेज, ठिसूळ असते आणि तिच्यावर फिकट रेषा दिसतात. अशी गुठळी सापडली की तज्ज्ञ पोटऱ्यांच्या शिरा उघडून पाहतो, कारण बहुतेकदा ती तिथूनच वर आलेली असते. पाय प्लॅस्टरमध्ये होता का, माणूस बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता का, हेही त्याला घरच्यांकडूनच कळते.

आता व्हिसेरा ज्यांत जतन करतात त्या बरण्यांविषयी. जठर व त्यातील अन्न, लहान आतड्याचा वरचा भाग, यकृताचा तुकडा, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग हे विषतपासणीसाठी मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. हृदयाचे व इतर अवयवांचे जे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असतात, ते फॉर्मालिन या ऊती टिकवणाऱ्या रसायनात जातात. हे दोन्ही एकाच बरणीत ठेवता येत नाहीत, कारण फॉर्मालिनमुळे मद्य, सायनाइड यांसारख्या पदार्थांची तपासणी बिघडते. रक्त शक्यतो मांडीच्या शिरेतून घेतात, कारण मृत्यूनंतर काही औषधे अवयवांतून पाझरून हृदयातल्या रक्तात उतरतात आणि तिथली मात्रा फसवी ठरते.

मोहोरबंद बरण्या पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. राज्यात मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे आहे, आणि पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, कोल्हापूर, नांदेड येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तिथला अहवाल येणे म्हणजे अंतिम मत मिळणे नव्हे. तो अहवाल पोलिसांनी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यायचा असतो, मग डॉक्टर अंतिम मत लिहून देतात. प्रकरण बहुधा या शेवटच्या टप्प्यात अडकून पडते. अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा क्रमांक आणि शवविच्छेदनाचा क्रमांक घेऊन आपण तपास अधिकाऱ्यांना भेटावे आणि ‘अंतिम मतासाठी कागद पाठवले आहेत का’ असे नेमके विचारावे. विमा कंपनीलाही शेवटी हेच मत हवे असते.

प्रश्न : वडिलांची पाठ आणि मान काळीनिळी पडली होती, आणि अहवालात छातीच्या तीन बरगड्या मोडल्याचे लिहिले आहे. ते घरी एकटेच होते. शेजाऱ्यांनी दार उघडून त्यांना रुग्णालयात नेले. आम्हाला विषप्रयोगाचा आणि मारहाणीचा संशय येतो.
— नाशिकहून एक वाचक

उत्तर : आपला संशय स्वाभाविक आहे, आणि तो पोलिसांना सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु या दोन्ही गोष्टींची साधी कारणे आधी समजून घ्यावीत. हृदय थांबले की रक्त वजनाने शरीराच्या खालच्या बाजूला उतरते आणि तिथल्या त्वचेवर निळसर-जांभळे डाग उमटतात. मृत्यूनंतर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत ते दिसू लागतात आणि साधारण सहा ते बारा तासांत पक्के होतात. उताणे असलेल्या शरीराची पाठ जांभळी होते; मात्र जिथे शरीराचा भार जमिनीवर टेकलेला असतो, म्हणजे खांद्याची हाडे, कुल्ले आणि टाचा, तिथे त्वचा फिकटच राहते. डाग आणि मुका मार यांतला फरक ओळखण्यासाठी तज्ज्ञ तिथे छेद देतो. डाग असेल तर रक्त वाहिन्यांच्या आतच असते आणि पुसले जाते. मार असेल तर ते मांसात मुरलेले असते आणि धुतले तरी जात नाही.

बरगड्यांबाबत, रुग्णालयात छाती दाबून हृदय सुरू करण्याचा प्रयत्न झाला होता का, हे विचारा. योग्य जोर लावून केलेल्या या प्रयत्नात वयस्कर माणसाच्या पुढच्या बाजूच्या बरगड्या मोडणे सर्रास घडते. त्या बरगड्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या जागी मोडल्या, भोवती रक्तस्राव किती, हे अहवालात लिहिलेले असते. माझ्या अनुभवात अशा प्रसंगी कुटुंबाचा गैरसमज बहुतेकदा एवढ्यामुळेच होतो की आपत्कालीन विभागातला कागद शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत पोहोचलेला नसतो.

प्रश्न : आमच्या वस्तीवर पावसाळ्यात एक तरुण रात्री जमिनीवर झोपला आणि पहाटे मृतावस्थेत सापडला. अंगावर कोणतीच जखम नव्हती. लोक भलभलत्या गोष्टी बोलतात.
— बीड जिल्ह्यातील एक शिक्षिका

उत्तर : ताई, या एकाच मृत्यूविषयी मी दुरून मत देणार नाही, परंतु आपल्या भागात पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस असा गेला, तर मण्यारीचा विचार प्रत्येक तज्ज्ञाच्या मनात यायलाच हवा. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, आणि दातांच्या खुणा टाचणी टोचावी इतक्या बारीक असतात. विष मज्जातंतूंवर काम करते, श्वसनाचे स्नायू लुळे पडतात, आणि अवयवांत मात्र फारसे काही दिसत नाही. म्हणून त्वचा भिंगाखाली इंचाइंचाने पाहावी लागते. कानाची पाळी, बोटांच्या बेचक्या, केसांखालची डोक्याची कातडीसुद्धा. इथे पुन्हा घरच्यांचे शब्द मोलाचे ठरतात. मध्यरात्री पोटात दुखते म्हणाला, पापण्या जड झाल्या होत्या, बोलणे अडखळत होते, थुंकी गिळता येत नव्हती, असे कोणाला आठवत असेल तर ते पंचनाम्याच्या वेळी सांगितलेच पाहिजे. एरवी अहवाल कोराच राहतो आणि वस्ती भुताखेतांवर बोलत बसते.

असाच प्रकार शहरात न्हाणीघरात घडतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर सुरू असताना माणूस कोसळतो आणि घरचे म्हणतात, पाय घसरला. गीझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने मृत्यू आला असेल तर वर सांगितलेले डाग जांभळे न दिसता चेरीसारखे लालबुंद दिसतात. सावळ्या त्वचेवर ते लक्षात येत नाहीत. नखे, ओठांची आतली बाजू आणि कापल्यावर दिसणारे स्नायू पाहावे लागतात. रक्ताच्या तपासणीत हा वायू बांधला गेलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मोजता येते. ५० टक्क्यांच्या पुढे ते गेले असेल तर शंका उरत नाही. परंतु न्हाणीघरात गीझर कुठे बसवला होता, खिडकी उघडी होती की बंद, हे शरीर सांगू शकत नाही. ते पंचनाम्यातच यावे लागते.

प्रश्न : तरुणांच्या अचानक मृत्यूंना कोविडची लस जबाबदार आहे का?
— अनेक वाचक

उत्तर : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हा प्रश्न तपासला. १८ ते ४५ वयोगटातील, आधी निरोगी असलेल्या ७२९ व्यक्तींच्या अकस्मात मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी करण्यात आली; देशातील ४७ रुग्णालये त्यात सहभागी होती आणि निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. कोविडसाठी पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घराण्यात अकस्मात मृत्यू झालेला असणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम, या गोष्टींशी मात्र संबंध दिसला.

प्रश्न : माझी २३ वर्षांची मुलगी झोपेतच गेली. अंतिम मतातही ‘कारण निश्चित करता आले नाही’ असे आहे. हे आम्ही कसे स्वीकारायचे?
— पुण्याहून एक आई

उत्तर : आपले पत्र मी अनेकदा वाचले. सर्व तपासण्या करूनही काही मृत्यूंचे कारण शरीरात सापडत नाही, आणि अशा वेळी ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहून मोकळे होणे चूक ठरले असते, कारण हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. ते कारण नव्हे. त्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे.

तरुण वयात, रचनेने निर्दोष हृदय अचानक थांबते तेव्हा त्याच्या विद्युत् लयीचा आनुवंशिक दोष हे एक महत्त्वाचे कारण असते. दीर्घ क्यूटी, ब्रुगाडा ही अशा दोषांची नावे आहेत. काहींना पोहताना, काहींना गजर अचानक वाजल्यावर, काहींना झोपेत किंवा तापात त्याचा फटका बसतो. हृदय थांबल्यावर लय उरत नाही, म्हणून शवविच्छेदनात तो दोष दिसत नाही. तिला लहानपणी घेरी येऊन बेशुद्ध पडल्याचे, फिट समजून औषध दिल्याचे काही आठवते का? आपण दोघे आणि तिची भावंडे यांनी हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन ईसीजी व टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा आणि हा अहवाल सोबत न्यावा. दोष आढळला तर त्यावर उपचार आहेत.

जनुकीय तपासणीही होऊ शकते, मात्र तिच्यासाठी रक्त किंवा प्लीहेचा तुकडा गोठवून ठेवलेला असावा लागतो. फॉर्मालिनमध्ये राहिलेल्या ऊतींतील जनुकीय द्रव्य खराब होते. आपल्या मुलीचा असा नमुना ठेवला आहे का, हे त्या विभागात लेखी विचारावे. आणि अन्य वाचकांसाठी सांगतो, घरात असा प्रसंग आलाच तर हा नमुना राखून ठेवण्याची विनंती शवविच्छेदन सुरू होण्यापूर्वी, डॉक्टर आपल्याशी बोलायला बाहेर येतात त्याच वेळी करावी.