अणुकेंद्रकाचा आकार मोजण्यात करिअर होतं का?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. हलक्या अणुकेंद्रकांचा आकार आणि अंतर्रचना यावरच तिला संशोधन करायचंय. हे सगळं केव्हाच मोजून झालेलं नाही का? आणि पुढे नोकरीचं काय? – एक आई

उत्तर : मोजून झालंय असं 2010 पर्यंत बऱ्याच जणांना वाटत होतं. प्रोटॉनची त्रिज्या तेव्हा 0.88 फेमटोमीटरच्या आसपास धरत. (फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग.) मग स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन आणला गेला. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच कण, पण सुमारे 207 पट जड, त्यामुळे प्रोटॉनच्या फार जवळ राहतो आणि प्रोटॉनचा आकार त्याच्या ऊर्जापातळ्यांवर ठळक उमटतो. लेसरची वारंवारता नेमकी जुळली की क्ष-किरण सुटतो. हा संकेत अपेक्षित वारंवारतेला मिळेना, मिळाला तो बराच बाजूला. त्यावरून त्रिज्या निघाली 0.84! एवढ्याशा फरकापायी जगभर जुनी मापनं पुन्हा करावी लागली.

लिथियम-11 (तीन प्रोटॉन आणि आठ न्यूट्रॉन असलेलं लिथियमचं अस्थिर केंद्रक) तर याहून विलक्षण. त्याचं अर्धायुष्य (निम्मी केंद्रकं विघटित व्हायला लागणारा वेळ) सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. 1985 मध्ये जपानी भौतिकशास्त्रज्ञ तानिहाता यांच्या गटाने अशा केंद्रकांचा झोत लक्ष्यावर सोडला आणि किती केंद्रकं त्याच्याशी आंतरक्रिया करतात यावरून आकार काढला. तो अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. शेवटचे दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून दूरवर पसरलेले असतात, हे त्यातून उलगडत गेलं.

म्हणजे काम भरपूर आहे. मुलीला मात्र एक विचारा : दिवसभर तिचे हात कशात रमतील? लेसर जुळवण्यात, डिटेक्टर आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये, की संगणकावर केंद्रकबलांची (प्रोटॉन-न्यूट्रॉनना बांधून ठेवणाऱ्या बलांची) गणितं सोडवण्यात? विषय एकच असला तरी या तीन वाटांचं शिक्षण वेगळं आहे. पीएच.डी.चा मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा हे बघावं, असं माझं ठाम मत आहे.

विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत कायम जागा थोड्या असतात, हे तिला आजच सांगा. पण लेसर, निर्वात तंत्र, किरणोत्सार मोजणं आणि सी प्लस प्लस किंवा पायथनमध्ये विदा विश्लेषण ही कौशल्यं उद्योगातही चालतात. रुग्णालयातल्या वैद्यकीय भौतिकीसाठी मात्र स्वतंत्र पात्रता लागते.

एम.एस्सी.चा प्रकल्प तिने प्रयोगशाळेतलाच घ्यावा. महिनोन्‌महिने संकेत न दिसताही तिचा उत्साह टिकतो का, ते तिथेच कळेल.