औषध कंपनीविरुद्धच्या अमेरिकी क्लास अ‍ॅक्शनमध्ये (फसवल्या गेलेल्या शेअरधारकांच्या वतीने केलेल्या सामूहिक दाव्यात) ६० दिवसांत नाव नोंदवलं नाही तर भरपाई जाते का?

नाही. ती मुदत फक्त 'लीड प्लेंटिफ', म्हणजे सगळ्या गटाच्या वतीने दावा चालवणारा मुख्य फिर्यादी, होऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. शेअर-फसवणुकीच्या दाव्यांबद्दलच्या १९९५ च्या अमेरिकी कायद्यानुसार दावा दाखल झाल्यावर २० दिवसांत जाहीर सूचना निघते आणि तिथून ६० दिवसांत अर्ज करायचा असतो. सहसा सर्वाधिक नुकसान झालेला गुंतवणूकदार, अनेकदा एखादा पेन्शन फंड, निवडला जातो. वकिलांच्या जाहिरातींतली घाई त्यासाठीच असते.

तुम्ही दाव्यात ठरलेल्या काळात शेअर घेतले असतील तर आपोआप गटात येता. खरी चुकवू नये अशी तारीख पुढे, तडजोड झाल्यावर येते: क्लेम फॉर्मची (भरपाई मागण्याच्या अर्जाची). अनेकांचे पैसे तिथेच बुडतात. खरेदी-विक्रीच्या कन्फर्मेशन स्लिप आणि ब्रोकर स्टेटमेंट आत्ताच उतरवून ठेवा, कारण तडजोडीला कित्येकदा वर्षं लागतात.

चाचणीचे वाईट निकाल दडवल्याचं उघड होण्याआधीच सगळे शेअर विकले असतील, तर सहसा काही मिळत नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या ड्युरा फार्मास्युटिकल्स निकालानुसार फुगवलेल्या भावाने खरेदी केली, एवढंच पुरत नाही. सत्य दडवल्यामुळेच तोटा झाला हे दाखवावं लागतं. आणि औषध नुसतं चाचणीत नापास झालं, तर ती फसवणूक नव्हे.